गावच्या फळांचा माल मुंबईत कसा विकायचा : पहिला हंगाम काढणाऱ्यांसाठी

मे महिन्यात गावाहून परतणाऱ्या चाकरमान्याच्या पिशवीत काही गोष्टी ठरलेल्या असतात. कोकमाची सोलं, आंब्याचं साठ, फणसाचे तळलेले गरे, आगळाची, म्हणजे खारवलेल्या कोकमरसाची, एक बाटली. भांडुपला आमच्या बिल्डिंगमध्ये शिरलं की दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी विचारणारच, ‘आमच्यासाठी नाही आणलंत?’ दोनदा-तीनदा हा प्रश्न आला की मनात येतं, आपणच का विकू नये? तुमच्या मनात तसं आलं असेल, तर हे तुमच्यासाठी लिहिते आहे.

मी कुडाळ तालुक्यातली. आमच्या वाडीत काकीच्या परसात रातांब्याची, म्हणजे कोकमाची, चार मोठी झाडं आहेत. एका मे महिन्यात झाडाखाली लाल सडा पडला होता, अर्धी फळं फुटलेली, वर माश्या. मी विचारलं, ‘काकी, एवढं फुकट जातं?’ ती म्हणाली, ‘पावस लागलो काय सगळा कुसता गे बाय. सोलूक माणसा खंयसून हाडू?’ हा प्रश्न नीट ऐका. कोकणात फळ भरपूर आहे. कमी पडतात ते फळ वेळेत सोलणारे हात, वाळवायला लागणारं ऊन आणि तयार मालाला वेळेवर पैसे देणारं गिऱ्हाईक. यातलं तिसरं काम मुंबईत राहून करता येतं, आणि आपण तेच करायचं. फळ स्वस्तात उचलून मुंबईत आणायचं आणि इथे सरबत बनवायचं, हा धंदा निराळा. त्यात गावाला फक्त कच्च्या मालाचा भाव मिळतो. माल गावातच बनू दे, मजुरी तिथेच राहू दे, सालं-बियाही तिथल्याच मातीत जाऊ देत.

पहिली पायरी : झाडं मोजा, माणसं ओळखा

पहिल्या वर्षी काहीच विकू नका, फक्त बघा, असं मी म्हणणार नाही. तेवढा धीर कोणालाच नसतो. पण पाककृतीपासून सुरुवात करू नका. आधी वाडीत फिरा. कोणाच्या बांधावर किती झाडं आहेत, ती कधी पिकतात, फळ पाडतं कोण, सोलतं कोण, आणि सध्या व्यापारी काय भाव देतो, हे वहीत लिहून घ्या. कोकम, करवंद, जांभूळ, रायवळ आंबा, फणस ही झाडं बहुतेक ठिकाणी कोणी मुद्दाम लावलेली नसतात. बांधावर, परसात, देवराईच्या कडेला ती आपसूक वाढलेली असतात. त्यांना खत नाही, फवारणी नाही, पावसावर जगतात. पण फळाला मोल नसलं की एक दिवस ते झाड सरपणासाठी किंवा रस्त्यासाठी जातं. रायवळ आंब्याची जुनी झाडं अशीच गेली. म्हणून मला या कामाचं एवढं वाटतं. रातांब्याला भाव मिळाला, तर झाड तोडताना माणूस दोनदा विचार करतो.

सुरुवातीला तीन ते पाच घरं पुरेत. शक्यतो ज्यांची जमीन थोडी आहे आणि ज्यांच्या घरातल्या बाई स्वतः हे पदार्थ करतात, अशी घरं बघा. गावात उमेदचा (राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाचा) किंवा माविमचा (महिला आर्थिक विकास महामंडळाचा) बचत गट असेल तर आधी त्यांच्याशी बोला. त्यांचं बँक खातं असतं, हिशेबाची सवय असते आणि कधी कधी सामायिक यंत्रंही मिळून जातात. पुढे पसारा वाढला तर शेतकरी उत्पादक कंपनी करता येते, त्यासाठी किमान १० उत्पादक लागतात. पहिल्या वर्षी त्या वाटेला जाऊ नका.

एक गोष्ट पहिल्याच बैठकीत सांगून टाका आणि ती पाळा: माल ताब्यात घेतला त्या दिवशी किमान निम्मे पैसे, आणि उरलेले अमुक तारखेला, विक्री होवो न होवो. ‘विकलं की देते’ हे वाक्य गावाने फार ऐकलं आहे. तेवढे पैसे हाताशी नसतील तर माल कमी घ्या.

दुसरी पायरी : एकच पदार्थ निवडा, आणि तोही जपून

एक किंवा फार तर दोन पदार्थ. दहा प्रकारांचं टेबल दिसायला छान दिसतं, पण दहाही पदार्थ थोडे थोडे उरतात.

इथे शास्त्राचा एक मुद्दा येतो आणि तो टाळून चालणार नाही. फळ जितकं आंबट, तितकं ते बाटलीत सुरक्षित. आम्लता मोजायच्या पट्टीवर (पीएचवर) ४.६ हा आकडा महत्त्वाचा. त्याच्या वर गेलेल्या, म्हणजे कमी आंबट पदार्थात, हवाबंद बाटलीत बोटुलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जंतू वाढू शकतात. कोकम, करवंद, कैरी, आवळा, लिंबू हे सगळे त्या आकड्याच्या बरेच खाली. पिकलेला फणस आणि सीताफळ मात्र गोड, कमी आंबट. त्यामुळे फणसाचा किंवा सीताफळाचा गर घरी बाटलीत भरून विकायचा विचार डोक्यातून काढून टाका. सीताफळाचा गर बाजारात मिळतो तोही गोठवलेला. फणसाची वाट वेगळी: बरक्याची (मऊ गऱ्यांच्या फणसाची) पोळी उन्हात वाळवायची, काप्याचे (घट्ट गऱ्यांच्या फणसाचे) कच्चे गरे तळायचे. पाणी काढून टाकलं की धोका कमी होतो.

नवख्यांना मी कोकम सुचवते. एकाच फळातून तीन-चार पदार्थ निघतात आणि त्यातला जवळपास एकही नाशवंत नाही. साल मिठात मुरवून काढलं की आगळ. सालावर साखरेचे थर देऊन रस सुटला की अमृत कोकम, म्हणजे सरबताचा दाट रस. साल पुन्हा पुन्हा रसात बुडवून वाळवलं की आमसूल. बीतून निघतं मुठेल, थंडीत भेगाळलेल्या टाचांना आजी लावायची ते. फेकण्यासारखं फार थोडं उरतं. शिवाय सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे, म्हणजे नावाला वजन आहे.

पण कोकमाचा एक पेच आधीच समजून घ्या, नाहीतर पहिल्याच वर्षी पैसा अडकेल. सरबताला मुंबईत मागणी असते मार्च ते मे. फळ पिकतं एप्रिल-मेमध्ये. माल तयार होऊन मुंबईत येईपर्यंत जून उजाडतो, पाऊस सुरू होतो आणि सरबत कोणी विचारत नाही. म्हणजे या मे महिन्यात बनवलेलं अमृत कोकम विकलं जातं ते मुख्यतः पुढच्या मार्चपासून. तोवर पैसे बाटलीत बसून. म्हणून पहिल्या हंगामात अमृत कोकम थोडं, आगळ आणि आमसूल जास्त करा. आमसूल आमटीत वर्षभर लागतं. आगळाचं गणित माशांशी बांधलेलं आहे: श्रावणात आणि गणपतीत मासळी बंद, सोलकढीही कमी, गणपती गेले, मासळी आली की आगळ सरसर जातं. मार्गशीर्षात पुन्हा थंड. मुंबईच्या मराठी घरातलं पंचांग कळलं की विक्रीचं कळलंच.

करवंदं आणि जांभळं पालघर, शहापूर, कर्जत बाजूच्या कातकरी, ठाकूर, वारली बायका द्रोणातून स्टेशनबाहेर विकतात. तो ताज्या फळाचा व्यवहार आहे आणि संध्याकाळपर्यंत संपवावाच लागतो. त्यांच्याकडून फळ घेऊन पदार्थ करायचा असेल, तर संध्याकाळी उरलेलं पडत्या भावात उचलू नका. सकाळचा भाव द्या.

तिसरी पायरी : बनवण्यातली शिस्त

पहिल्या वर्षी मी २४ बाटल्या अमृत कोकम मुंबईत आणलं. भांडुपच्या घरात माळ्यावर ठेवलं. तिसऱ्या आठवड्यात रात्री ‘टप्’ असा आवाज आला. सकाळी बघते तर एका बाटलीचं बूच उडालेलं, भिंतीवर लाल ओघळ, आणि बाकीच्या बाटल्यांची झाकणं वर फुगलेली. वास दारूसारखा. चूक काय झाली ते काकीने फोनवर दोन प्रश्नांत काढलं: बाटल्या धुऊन लगेच भरल्या का, आणि साखर हात राखून घातली का. दोन्ही हो. ओल्या बाटलीतल्या पाण्याने वरचा थर पातळ झाला, साखर कमी पडली, यीस्टला रान मोकळं. सगळ्या बाटल्या ओतून दिल्या. काकीचे पैसे मात्र पूर्ण दिले, कारण घाई माझी होती.

तेव्हापासूनचा आमचा नेम असा. ताज्या सालाच्या एका वाट्याला साखरेचे साधारण दोन वाटे, वजनाने. चिनीमातीची किंवा काचेची बरणी, स्टीलसुद्धा चांगल्या प्रतीचं, कारण कोकमाचा आंबटपणा ॲल्युमिनियम आणि तांब्या-पितळेला खातो. थर देऊन झाकायचं, रोज कोरड्या लाकडी उलथन्याने हलवायचं, आठवडाभरात साखर विरघळून दाट रस सुटतो. मग गाळायचं. बाटल्या उकळत्या पाण्यातून काढून उन्हात पूर्ण वाळवायच्या, पालथ्या घातल्यावर आत एक थेंब दिसता कामा नये. आणि रिफ्रॅक्टोमीटर नावाचं हातात मावणारं नळीसारखं उपकरण घ्या. काचेवर एक थेंब टाकून उजेडाकडे बघितलं की विरघळलेल्या घटकांचं, मुख्यतः साखरेचं, प्रमाण दिसतं. फळांच्या सिरपसाठी सरकारी मानकच आहे: असं प्रमाण किमान ६५ टक्के आणि फळाचा रस किमान २५ टक्के. घेताना एक बघा, काही उपकरणं ३२ टक्क्यांपर्यंतच मोजतात. आपल्याला जास्त मोजणारं लागतं. जॅम करणार असाल तर तिथे फळाचं प्रमाण ४५ टक्के लागतं, स्ट्रॉबेरीसारख्या काही फळांना कमी चालतं.

परिरक्षक (प्रिझर्व्हेटिव्ह) घालायचा की नाही, हा तुमचा निर्णय. घालायचाच असेल तर कोकम-जांभूळ अशा रंगीत रसात पोटॅशियम मेटाबायसल्फाइट नको, त्याने रंग उडतो. तिथे सोडियम बेंझोएट वापरतात, तेही डोळ्याच्या अंदाजाने नाही, काट्यावर मोजून. ही मापं शिकायला दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाकडे जा. फळप्रक्रियेचं प्रशिक्षण कधी असतं ते विचारा आणि गावातल्या दोघींना पाठवा. त्यांचा प्रवासखर्च तुम्ही करा. तुम्ही शिकून त्यांना शिकवण्यापेक्षा हे फार बरं.

कृत्रिम रंग घालू नका. बाजारातलं भडक लाल कोकम सरबत बघून लोकांचा डोळा बिघडला आहे, त्यामुळे ‘तुमचं काळपट का?’ असं विचारणारं गिऱ्हाईक येईल. त्यांना बाटलीतला एक चमचा पाण्यात घालून दाखवा. दाट रस काळसर दिसतो आणि पाण्यात पडला की जांभळट गुलाबी खुलतो.

वाळवणाच्या पदार्थांना ऊन लागतं आणि मे महिन्याच्या शेवटी वळवाचा भरवसा नाही. गटाला साधा सौर वाळवणयंत्राचा सांगाडा करून घेता आला तर आमसूल आणि साठ दोन्ही वाचतात, धूळ-माशीही बसत नाही.

चौथी पायरी : कागदपत्रं

हे कंटाळवाणं आहे, पण एका दुपारचं काम आहे. खाण्याचा पदार्थ विकणाऱ्या प्रत्येकाला एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी लागते. बनवणाऱ्या गटाला त्यांची, आणि मुंबईत साठवून विकणाऱ्या तुम्हाला तुमची. वर्षाची उलाढाल ठरलेल्या मर्यादेच्या आत असेल तर साधी नोंदणी पुरते, फी नाममात्र आहे आणि फॉसकॉस या सरकारी पोर्टलवर घरी बसून अर्ज करता येतो. फोटो, ओळखपत्र, जागेचा पुरावा एवढं तयार ठेवा. १४ आकडी क्रमांक मिळतो.

वस्तूंच्या विक्रीत जीएसटी नोंदणी आपल्या राज्यात ४० लाखांच्या उलाढालीनंतर लागते, पण राज्याबाहेर माल पाठवायचा झाला तर नियम बदलतात. तेव्हा कर सल्लागाराला विचारा. २२ सप्टेंबर २०२५ पासून जॅम, जेली आणि फळांच्या रसांवरचा दर १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे.

ताज्या फळाचा व्यवहार करायचा असेल तर हेही लक्षात ठेवा: २०१६ मध्ये राज्याने फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून काढला. शेतकऱ्याने माल वाशीच्या बाजारातच नेला पाहिजे, अशी सक्ती आता नाही. सोसायटीच्या दारात आंब्याची पेटी उघडता येते.

गटाला यंत्रसामग्रीसाठी कर्ज हवं असेल तर केंद्राची सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजना २०२० मध्ये आली. त्यात प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाखांपर्यंत कर्जाशी जोडलेलं अनुदान ठेवलं होतं. सध्या अर्ज घेतात का आणि कोणत्या अटींवर, ते तालुका कृषी अधिकाऱ्यांच्या कार्यालयात जाऊन विचारा. पण अनुदानावर बेत आखू नका. आधी १०० बाटल्या विकून बघा.

पाचवी पायरी : लेबल

लेबलावर पदार्थाचं नाव, घटक (जास्त असलेला आधी), निव्वळ वजन किंवा माप, सर्व करांसह कमाल किंमत, प्रति ग्रॅम किंवा मिलिलिटर किंमत, बनवल्याची तारीख, कधीपर्यंत वापरावं, बॅच क्रमांक, बनवणाऱ्याचा पत्ता, तक्रारीसाठी फोन, एफएसएसएआय क्रमांक आणि शाकाहाराचं हिरवं चिन्ह हवं. पोषणमूल्यांचा तक्ता तुमच्या आकाराच्या उद्योगाला लागतो का, ते नोंदणीच्या वेळी विचारून घ्या. पॅकबंद मालावर वैधमापन (वजन-मापं तपासणाऱ्या) विभागाचे नियमही लागू असतात. बॅच क्रमांक नुसता सोपस्कार समजू नका. झाकणं फुगली तेव्हा कोणत्या दिवशीचा घाणा बिघडला हे मला सांगता आलं नव्हतं, म्हणून चांगल्या असतील त्याही बाटल्या ओताव्या लागल्या.

तीन शब्द जपून वापरा. ‘सेंद्रिय’ हा शब्द प्रमाणपत्राशिवाय लेबलावर टाकू नका. राष्ट्रीय सेंद्रिय कार्यक्रमाचं किंवा शेतकऱ्यांनीच गटाने घ्यायचं पीजीएस प्रमाणपत्र लागतं. ‘फवारणी न केलेल्या बांधावरच्या झाडांचं फळ’ असं खरं असेल तर ते लिहा, आणि ते जास्त बोलकं आहे. ‘हापूस’चं मानांकन २०१८ मध्ये मिळालं, ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांसाठी, मानांकनाचं नाव आणि चिन्ह वापरायला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करावी लागते. आणि ‘पित्तावर रामबाण’, ‘वजन घटवतं’ असले औषधी दावे अजिबात नकोत. आपण सरबत विकतो आहोत.

बनवणाऱ्या गटाचं नाव मोठ्या अक्षरात टाका, तुमचं विक्रेता म्हणून खाली. मी सुरुवातीला उलट केलं होतं. काकीने बाटली हातात घेतली, फिरवून बघितली आणि काही न बोलता परत दिली. पुढच्या छपाईत बदल केला.

सहावी पायरी : किंमत

आकडे दरवर्षी बदलतात, पद्धत बदलत नाही. समजा ७०० मिलिलिटरची बाटली आहे. साल २५ रुपये, साखर २५, बाटली-बूच २२, लेबल आणि खोका ८, गटाची मजुरी २०, मुंबईपर्यंत वाहतूक १०, फुटतूट ३. झाले ११३. तुम्ही १८० ला विकता. थेट गिऱ्हाईकाला दिलीत तर ६७ उरले. दुकानदाराने २५ टक्के मागितले तर त्याचे ४५ गेले, हातात १३५, उरले २२. त्यातून तुमचं लोकलचं भाडं, चव बघायला फोडलेल्या बाटल्या, स्टॉलचं भाडं. म्हणजे सगळा माल दुकानात ठेवायचा असेल तर १८० ही किंमत पुरत नाही.

अशा वेळी मोह होतो तो सालाच्या भावाला किंवा मजुरीला हात लावायचा. तिथे हात लावू नका. किंमत वाढवा, किंवा दुकानं कमी करून थेट विक्री वाढवा. मजुरी ‘घरचंच काम आहे’ म्हणून शून्य धरणं ही या धंद्यातली सगळ्यात जुनी चूक आहे, आणि ती बायकांच्या अंगावर पडते.

सातवी पायरी : मुंबईत आणणं आणि विकणं

काच जड असते आणि फुटते, तरी आंबट पदार्थाला मी काचच धरून बसले आहे. वाहतुकीला आंब्याच्या रिकाम्या लाकडी पेट्या आणि भाताचा पेंढा वापरा. हापूस वर्षानुवर्षं असाच आला आहे. एसटीच्या किंवा खासगी बसच्या पार्सलने पेट्या येतात. उतरवून घ्यायला पहाटे स्वतः उभं राहा. उपनगरात पुढे न्यायला लोकलचा लगेज डबा, तोही गर्दीची वेळ सोडून.

विक्रीची पहिली जागा बाहेर शोधू नका. कोकणातल्या कितीतरी गावांचं मुंबईत स्वतःचं ग्रामस्थ मंडळ आहे. परळ-लालबागच्या एखाद्या खोलीत किंवा कोणाच्या घरी त्यांची महिन्याची बैठक भरते, वर्षातून एकदा सत्यनारायण असतो. तिथे अर्धा तास मागून घ्या. ही माणसं चवीला पक्की असतात, चुकलं तर तोंडावर सांगतात आणि आवडलं तर दहा घरांत पोचवतात. माझी पहिली ३० गिऱ्हाइकं एका सत्यनारायणाच्या पूजेत मिळाली.

दुसरी जागा म्हणजे संक्रांतीचं हळदीकुंकू. १४ जानेवारीपासून रथसप्तमीपर्यंत घरोघरी वाण लुटलं जातं आणि बहुतेक ठिकाणी ते प्लास्टिकच्या डब्या-वाट्यांचं असतं. १०० ग्रॅम आमसुलाची कागदी पुडी, वर गटाचं नाव आणि सोलकढीची कृती, हे वाण म्हणून सुचवून बघा. एकेका घरातून २५-५० पुड्यांची मागणी येते. मात्र विचारायला डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात जा; नंतर वाण आणून झालेलं असतं.

सोसायटीत टेबल लावायचं तर आधी सेक्रेटरींची परवानगी, मग नोटीस बोर्डावर एक कागद आणि बिल्डिंगच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच संदेश. शनिवारी-रविवारी संध्याकाळी ५ ते ८. पाण्याचा माठ, छोटे स्टीलचे पेले, जिऱ्याची पूड, काळं मीठ. पेले धुवायला एक बादली. महाराष्ट्रात २०१८ पासून एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या कप-पेल्यांवर बंदी आहे, आणि शाश्वत माल म्हणून विकणाऱ्याच्या टेबलाखाली कपांचा ढीग बरा दिसत नाही. लोक आधी मुलाला पाजतात, मग स्वतः पितात. विकत घ्या म्हणून मागे लागू नका. फळ कोणत्या गावचं, कोणी सोललं, एवढं सांगा. मे महिन्यात सोसायट्या ओस असतात, सगळे गावी. खरा हंगाम पाडव्याच्या आधीपासून एप्रिलच्या मध्यापर्यंत.

मालवणी जत्रोत्सव, कोकण महोत्सव, बचत गटांचं महालक्ष्मी सरस अशी प्रदर्शनं मुंबईत भरतात. सरसमध्ये जायचं तर गटाने उमेदच्या तालुका कार्यालयातून अर्ज करायचा, आणि शक्य झालं तर गटातली बाईच स्टॉलवर उभी राहू दे. आमच्या गटातली एक मुलगी अशाच एका प्रदर्शनात पहिल्यांदा उभी राहिली, पहिले दोन तास गप्प होती. मग एका बाईंनी विचारलं, ‘आगळ आणि सरबत यात फरक काय?’ आणि ती जी बोलायला लागली ती रात्री नऊपर्यंत थांबली नाही. खासगी महोत्सवांचं स्टॉलभाडं मात्र भरण्याआधी किती बाटल्या विकल्या म्हणजे ते सुटेल हे कागदावर मांडा. पणन मंडळाच्या पुढाकाराने सुरू झालेले शेतकरी आठवडे बाजार त्या मानाने स्वस्तात पडतात.

दुकानं शेवटी. दादरच्या एका दुकानात मी ४० बाटल्या ‘विकल्यावर पैसे’ या बोलीवर ठेवल्या. माल संपला, पैसे आठ महिने आले नाहीत, कारण माल मिळाल्याची दुकानदाराची सही असलेलं चलन माझ्याकडे नव्हतं. आता प्रत्येक दुकानात फार तर १२ बाटल्या, दोन प्रतींत चलन, आणि आधीचे पैसे हातात आल्यावरच पुढचा माल. चांगले दुकानदार याला नाही म्हणत नाहीत.

रिकाम्या बाटल्या परत घ्या. आम्ही बाटलीमागे १० रुपये परत देतो. पुढच्या खेपेला आलेलं गिऱ्हाईक पिशवीतून दोन बाटल्या काढतं तेव्हा ते आपोआप तिसरी विकत घेतं. परत आलेली बाटली वास घेऊन बघा. रॉकेल, फिनेल कशाचाही वास असेल तर भंगारात. बाकीच्या पेंढ्यात घालून गावी परत, बुचं मात्र नवीन.

आठवी पायरी : हिशेब गावी न्या

किती माल घेतला, कितीला विकला, काय फुटलं, दुकानदाराने किती कापले, तुम्ही स्वतःसाठी किती ठेवले, हे सगळं एका वहीत. गणपतीला गावी जाल तेव्हा आरतीनंतर ती वही गटासमोर उघडा आणि मोठ्याने वाचा. पहिल्यांदा वही वाचताना मला भीती वाटली होती की १८० रुपये ऐकून सगळ्या चिडतील. त्यांनी वाहतुकीचा आकडा दोनदा विचारला आणि एकीने सांगितलं की तिचा भाऊ मुंबईला टेम्पो घेऊन जातो, परतीच्या नव्हे, जायच्या फेरीत जागा असते. पेटीमागे तेवढे पैसे वाचले.

त्याच बैठकीत पुढच्या मे महिन्यातली मागणी नोंदवा: कोणाकडून किती सोलं, किती आगळ, कोणत्या भावाने, आगाऊ किती. रातांब्याचं बी ताजं असतानाच रुजतं, म्हणून पुढच्या मे-जूनमध्ये काही बिया वेगळ्या काढून लगेच रोपांसाठी पिशव्यांत लावायला सांगा. कोकमात नर आणि मादी झाडं वेगळी असतात आणि बियांच्या रोपात कोणतं निघेल ते फुलं येईपर्यंत कळत नाही. नक्की फळ देणारं हवं असेल तर विद्यापीठाच्या रोपवाटिकेतून ‘कोकण अमृता’ची कलमं मागवा. काकीने दोन मागवली आहेत, विहिरीच्या वरच्या अंगाला खड्डे खणून ठेवलेत.